मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी गेल्यास दाद कशी मागावी

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आपल्याकडे इतकी सर्रास होते आणि बहुतेकांना तिचा इतका चांगला गुण येतो, की ज्या थोड्या रुग्णांची दृष्टी शस्त्रक्रियेनंतर जाते त्यांच्या घरच्यांना पुढची वाट दाखवणारे कोणी सहसा भेटत नाही. माझ्या आईचा एक डोळा असाच गेला. तिची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालवताना जे कळत गेले ते येथे क्रमाने मांडत आहे. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही, त्यामुळे हा लेख कायदेशीर सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु वकिलाकडे जाण्यापूर्वी काय गोळा करावे, काय विचारावे आणि कशावर सही करू नये, एवढे तरी यातून स्पष्ट व्हावे.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. दृष्टी गेली, हे आयोगापुढे फारसे सिद्ध करावे लागत नाही, कारण ते सहसा कोणी नाकारत नाही. सिद्ध करावे लागते ते हे, की अमुक दिवशी एक विशिष्ट गोष्ट करणे डॉक्टरांवर बंधनकारक होते, ती त्यांनी केली नाही, आणि डोळा त्यामुळे गेला. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यासाठी आहेत.

१. आधी डोळा वाचवण्याचा प्रयत्न करा

शस्त्रक्रिया अलीकडेच झाली असेल आणि डोळा दुखत असेल, लाल झाला असेल, पापण्या सुजल्या असतील किंवा पट्टी काढल्यावर जेवढे दिसत होते त्यापेक्षा कमी दिसू लागले असेल, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळा दाखवा. फेरतपासणीची ठरलेली तारीख येईपर्यंत थांबू नका. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला असेल, ज्याला डॉक्टर एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतात, तर त्याची लक्षणे बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान दिसू लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांतच दृष्टी धूसर झाली आणि वेदना मात्र फारशी नसली, तर ती जंतूंविना आलेली सूजही असू शकते. उपकरणांवर राहिलेला अंश किंवा आत सोडलेले द्रव यांमुळे अशी सूज येते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. फरक ओळखणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि तो फोनवर ओळखता येत नाही.

संसर्गाचा संशय असल्यास डोळ्याच्या आतील पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, तज्ज्ञाकडे जावे लागते. तेथे डोळ्यातील द्रवाचा नमुना तपासणीला पाठवून आत प्रतिजैविकांचे इंजेक्शन दिले जाते, आणि गरज भासल्यास डोळ्यातील जेलसारखा द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली जाते. ही सोय तालुक्याच्या प्रत्येक नेत्ररुग्णालयात नसते, म्हणून ‘येथे होणार नाही, ताबडतोब अमुक ठिकाणी जा’ असे वेळेवर सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे. मोठ्या शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठी नेत्ररुग्णालये हे पर्याय आधीच माहीत करून ठेवा.

नव्या डॉक्टरांकडे पोहोचताच, उपचार सुरू होण्यापूर्वी किती दिसत होते याची नोंद केस पेपरवर झाली आहे ना, ते पाहा. ६/६० दिसणे (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे), समोरची बोटे मोजता येणे, हाताची हालचाल कळणे, फक्त प्रकाश जाणवणे आणि प्रकाशही न जाणवणे अशा या पायऱ्या असतात. त्या क्षणी रुग्ण कोणत्या पायरीवर होता यावर उपचार ठरतो, आणि पुढे उशीर किती महागात पडला हेही त्याच नोंदीवरून दाखवता येते.

२. कागदपत्रे मिळवा, आणि ती लगेच मिळवा

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार रुग्णाने, त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने किंवा कायदेशीर प्राधिकाऱ्यांनी मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जपून ठेवणेही बंधनकारक आहे. रुग्णाला स्वतःच्या नोंदींची प्रत मिळण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ सालीच मान्य केला आहे. तरीही काउंटरवर ‘फाइल आमच्याकडेच राहते’ असे उत्तर मिळू शकते, त्यामुळे तोंडी मागण्यात वेळ घालवू नका.

अर्ज साध्या कागदावर करा. रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, शस्त्रक्रियेची तारीख आणि डोळा उजवा की डावा हे लिहा. ‘संपूर्ण बाह्यरुग्ण व आंतररुग्ण नोंदींची साक्षांकित प्रत ७२ तासांत द्यावी, प्रतींचा खर्च देण्यास मी तयार आहे’ एवढे पुरते. अर्जात निष्काळजीपणा, भरपाई, न्यायालय असे शब्द आणू नका. रुग्णाची सही किंवा अंगठा आवश्यक आहे. मुलगा किंवा मुलगी अर्ज देत असल्यास अधिकारपत्र जोडा. आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देण्यास नकार मिळाल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा. मुदतीत नोंदी न देणे हा आयोगापुढे रुग्णालयाच्या विरोधात जाणारा स्वतंत्र मुद्दा ठरतो.

मिळवायची कागदपत्रे अशी:

– शस्त्रक्रियेपूर्वीचा केस पेपर: दोन्ही डोळ्यांची दृष्टी, डोळ्याचा दाब, पडद्याची तपासणी
– साखर, रक्तदाब आणि अश्रुमार्ग यांच्या तपासण्यांचे अहवाल
– लेन्सचा नंबर काढण्यासाठी केलेल्या मोजमापाचा, म्हणजे बायोमेट्रीचा किंवा ए-स्कॅनचा, कागद
– संमतिपत्र, सगळ्या पानांसह
– शस्त्रक्रियेची नोंद आणि भुलेची नोंद
– बसवलेल्या लेन्सचा स्टिकर, ज्यावर पॉवर, अनुक्रमांक आणि वापराची अंतिम तारीख असते
– डिस्चार्ज कार्ड आणि लिहून दिलेली औषधे
– फेरतपासणीच्या प्रत्येक वेळची नोंद
– बिले आणि पावत्या. विमा किंवा शासकीय योजना असल्यास मंजुरीची कागदपत्रे
– दुसऱ्या रुग्णालयातील सर्व कागद, सोनोग्राफी (बी-स्कॅन) आणि कल्चरचा, म्हणजे नमुन्यातील जंतूंच्या तपासणीचा, अहवाल

पुराव्याच्या तीन गोष्टींकडे लोकांचे विशेष दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे लेन्सचा स्टिकर. मोजमापाच्या कागदावरचा नंबर आणि स्टिकरवरचा नंबर यांत मोठी तफावत असेल, तर तिचे स्पष्टीकरण डॉक्टरांनाच द्यावे लागते. दुसरी म्हणजे डोळ्यात घालायच्या थेंबांच्या बाटल्या: संपल्या तरी फेकू नका, त्यांवरील बॅच क्रमांक उपयोगी पडतो. तिसरी म्हणजे फोन. तक्रार सांगण्यासाठी रुग्णालयाला केलेले कॉल, पाठवलेले संदेश आणि लाल डोळ्याचे पाठवलेले फोटो मोबाइलमधून पुसले जाण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढून ठेवा, आणि शक्य असेल तर तो मोबाइल बदलू नका. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वकील तयार करून देतात.

रुग्णालय शासकीय किंवा महापालिकेचे असेल, तर नोंदींच्या अर्जासोबत माहिती अधिकाराचा अर्जही करा. शस्त्रक्रियागृहाच्या निर्जंतुकीकरणाची नोंदवही, त्या आठवड्यातील जंतुतपासणीचे अहवाल आणि त्याच दिवशी त्याच टेबलावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची केवळ संख्या मागा. इतर रुग्णांची नावे मागितली, तर त्या एका कारणावरून अर्ज नाकारला जाऊ शकतो.

३. कागद एका कालपत्रिकेत मांडा

एका वहीत तीन रकाने आखा: तारीख आणि वेळ, रुग्णाला काय होत होते, आणि डॉक्टरांनी किंवा कर्मचाऱ्यांनी काय केले अथवा सांगितले. प्रत्येक ओळीपुढे तिचा आधार असलेल्या कागदाचा क्रमांक लिहा. ज्या ओळीला कागद नाही, तिच्यापुढे त्या वेळी हजर असलेल्या व्यक्तीचे नाव लिहा, कारण तिचे शपथपत्र घ्यावे लागेल.

हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळ्यात मोलाचे आहे. आईच्या प्रकरणात शस्त्रक्रिया कशी झाली यावर बराच खल झाला आणि त्यातून हाती काही लागले नाही. निकाल फिरला तो दुखणे कळवल्यापासून प्रत्यक्ष तपासणी होईपर्यंत मध्ये गेलेल्या काळावर. तो काळ कालपत्रिकेमुळे एका नजरेत दिसत होता.

४. गुंतागुंत आणि निष्काळजीपणा यांतला फरक समजून घ्या

येथे रागाला आवर घालावा लागतो. १००% यशाची हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही आणि कायदाही तशी अपेक्षा धरत नाही. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जी कसोटी मान्य केली ती थोडक्यात अशी: त्या क्षेत्रातील सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टराने त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली गेली का? सर्वोत्तम डॉक्टराने काय केले असते, हा प्रश्न गैरलागू आहे, आणि दोन मान्य उपचारपद्धतींपैकी एक निवडली म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही.

त्यामुळे लेन्स ज्या पिशवीत बसते ती शस्त्रक्रियेदरम्यान फाटणे, मोतीबिंदूचा तुकडा मागे पडद्याकडे सरकणे, पडद्याच्या मध्यभागी सूज येणे, पडदा सुटणे, इतकेच काय प्रत्यक्ष जंतुसंसर्ग होणेही, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. या सर्व ज्ञात गुंतागुंती आहेत आणि चांगल्या हातांनीही त्या होतात. संमतिपत्रावर त्या छापलेल्या असतात आणि रुग्णालयाचे वकील तेच पान आयोगापुढे ठेवतात.

प्रश्न त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा असतो. अलीकडचा म्हणजे: मधुमेह नियंत्रणात नसताना किंवा डोळ्यात आधीच संसर्ग असताना शस्त्रक्रिया केली का, पडदा तपासला होता का, डोळा स्वच्छ करण्यासाठी आयोडीनचे द्रावण वापरल्याची नोंद आहे का, योग्य डोळा आणि योग्य नंबराची लेन्स यांची पडताळणी झाली का. पलीकडचा म्हणजे: पिशवी फाटली हे रुग्णाला सांगितले का, तुकडा मागे पडल्यावर पडद्याच्या तज्ज्ञाकडे पाठवले का, वेदनेची तक्रार आल्यावर त्याच दिवशी बोलावले का. गुंतागुंत होणे क्षम्य असते. ती दडवणे, किंवा तिच्याकडे दुर्लक्ष करून थेंब चालू ठेवण्यास सांगणे, यांचा बचाव करणे डॉक्टरांना अवघड जाते. न केलेल्या गोष्टीचे महत्त्व दाखवणारे एक ठळक उदाहरण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१९ चा निकाल. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्याची वेळेवर तपासणी झाली नाही आणि बाळाची दृष्टी कायमची गेली. त्यात ७६ लाख रुपयांची भरपाई मंजूर झाली. तेथे शस्त्रक्रिया नव्हती, पण तर्क तोच आहे.

त्याच दिवशी त्याच शस्त्रक्रियागृहातील अनेकांना संसर्ग झाला असेल, तर मात्र चित्र पालटते. एकाला झालेला संसर्ग दुर्दैव असू शकतो, परंतु एकाच दिवशी चौघा-पाचांना झालेला संसर्ग निर्जंतुकीकरण, वापरलेले द्रव किंवा उपकरणे यांकडे बोट दाखवतो. अशा वेळी इतर कुटुंबांशी संपर्क ठेवा, आणि संशय थेंबांवर किंवा द्रवावर असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी तक्रार द्या.

५. दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचे लेखी मत कसे मिळवावे

गावातील एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून देत नाही, असे सगळेच सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. ‘त्या डॉक्टरांची चूक झाली, असे लिहून द्या’ असे म्हटल्यावर कोणीही मागे सरेल. त्याऐवजी ‘रुग्ण तुमच्याकडे आला त्या दिवशी तुम्हाला काय आढळले, दृष्टी किती होती, निदान काय केले आणि काय उपचार दिले, याचे प्रमाणपत्र द्या’ अशी विनंती करा. हे देण्यास सहसा हरकत घेतली जात नाही. ‘लक्षणे इतक्या दिवसांपासून असल्याचे रुग्णाने सांगितले’ ही एक ओळ दुसऱ्या रुग्णालयाच्या पहिल्या नोंदीत असेल, तर ती कोणत्याही कठोर अभिप्रायापेक्षा जास्त बोलते.

स्वतंत्र तज्ज्ञाचे मत हवेच असेल, तर दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा दुसऱ्या राज्यातील निवृत्त प्राध्यापकाकडे कागदांचा पूर्ण संच पाठवा. पूर्ण संच म्हणताना आपल्याला न सोयीचे कागदही त्यात असावेत, कारण ते लपवून घेतलेले मत उलटतपासणीत टिकत नाही.

तज्ज्ञाच्या मताविना तक्रार दाखलच होत नाही, हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली व्ही. किशन राव यांच्या प्रकरणात स्पष्ट केले, की प्रत्येक प्रकरणात असे मत आवश्यक नाही. चुकीच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया होण्यासारख्या बाबी स्वतःच बोलतात. मात्र संसर्ग किंवा पडदा यांचा गुंता असेल तर मताशिवाय जाणे धोक्याचे आहे, असे माझे मत आहे. ते मिळाले नाही तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांच्या मंडळाकडे प्रकरण पाठवावे, असा अर्ज आयोगाकडे करता येतो. त्या अर्जात मंडळाने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत हे तुम्हीच सुचवा. ‘निष्काळजीपणा झाला काय?’ एवढाच प्रश्न पाठवला तर ‘तसे आढळत नाही’ असे एका ओळीचे उत्तर येऊ शकते. ‘शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी वेदना व कमी दिसणे अशी तक्रार आल्यास त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणी आवश्यक असते काय?’ या प्रश्नाला बगल देणे कठीण असते.

६. कोणत्या दारात जायचे ते ठरवा

भरपाई हवी असेल तर वाट ग्राहक आयोगाची आहे. पैसे देऊन घेतलेला उपचार ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात सांगितले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आरोग्यसेवेचा उल्लेख नाही म्हणून डॉक्टर त्यातून वगळले गेले, असा दावा पुढे करण्यात आला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही.

उपचार मोफत झाला असेल तर नीट पाहा. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ते रुग्णालय ग्राहक कायद्याखाली येत नाही. केस पेपरचे नाममात्र शुल्क भरले म्हणून आपण ग्राहक होत नाही. पण जेथे काही रुग्ण पैसे भरतात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तेथे मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. आपल्याकडील धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी राखीव असलेल्या खाटांवर उपचार झाले असतील, तर हा मुद्दा कामी येतो. खर्च विमा कंपनीने केला असला तरी तक्रार करता येते.

पूर्णपणे मोफत असलेल्या शासकीय रुग्णालयाविरुद्ध दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात याचिका हे मार्ग आहेत. शासनाविरुद्ध दिवाणी दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मानवी हक्क आयोगाकडेही जाता येते, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे १९८६ च्या नेत्रशिबिरात सुमारे ८४ जणांच्या डोळ्यांना कायमची इजा झाली, तेव्हा जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली राज्य सरकारला आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज प्रत्येकी १२,५०० रुपये देण्याचा आदेश दिला. रक्कम त्या काळातही तुटपुंजीच होती, पण शिबिरातील मोफत रुग्णालाही दाद मिळते एवढे त्यावरून कळते.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केल्यास डॉक्टरला ताकीद मिळू शकते किंवा त्याची नोंदणी काही काळ निलंबित होऊ शकते. परंतु परिषद भरपाई देत नाही. खाजगी रुग्णालयांच्या नोंदणीबाबतच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. नोंदी नाकारल्या जाणे किंवा शस्त्रक्रियागृहाची दुरवस्था यांबाबत महापालिकेचे आरोग्य अधिकारी, आणि इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक, यांच्याकडे जाता येते.

पोलिसांत जाण्याचा विचार बहुतेकांच्या मनात सर्वांत आधी येतो. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, आणि १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ लागू होऊ शकते. पण फौजदारी खटल्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो ढोबळ आणि अक्षम्य असावा लागतो, आणि कारवाईपूर्वी पोलिसांनी शासकीय डॉक्टरांचे मत घ्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. ते मत तुमच्याविरुद्ध आले, तर समोरचा पक्ष तेच ग्राहक आयोगात दाखल करतो. म्हणून सामूहिक संसर्ग, नोंदींत फेरफार किंवा अपात्र व्यक्तीने केलेली शस्त्रक्रिया यांसारखे काही नसेल, तर या वाटेने घाईने जाऊ नये.

नातेवाइकांना घेऊन रुग्णालयात आरडाओरडा आणि तोडफोड करणे तर सर्वस्वी टाळा. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. तक्रारदार तेथेच आरोपी होऊन बसतो.

७. नोटीस आणि तडजोडीचे प्रस्ताव

कायदेशीर नोटीस पाठवणे सक्तीचे नाही, तरी पाठवावी. तिच्या उत्तरात रुग्णालय आपली बाजू लेखी मांडते, आणि पुढे ती बदलली तर विसंगती दाखवता येते. नोटिशीत आरोप मोजकेच ठेवा. तिथे केलेली अतिशयोक्ती पुढे आपल्यालाच निस्तरावी लागते.

याच सुमारास ‘बिलाची रक्कम परत देतो’ असा निरोप येऊ शकतो. पैसे घेण्यात गैर काही नाही, पण ज्या कागदावर सही मागितली जाते त्यावर ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असे वाक्य आहे का ते वाचा. एका डोळ्याची किंमत शस्त्रक्रियेच्या बिलाएवढी ठरवून मोकळे होण्याचा तो मार्ग असतो. तडजोड करायचीच असेल तर ती आयोगातील मध्यस्थीमार्फत, लेखी नोंदीसह करा.

८. तक्रार दाखल करा

मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. उशिरा कारण कळले असेल तर मुदत कळल्यापासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. गोव्यातील एका परिचारिकेच्या पोटात शस्त्रक्रियेनंतर कापडी पट्टी राहिली आणि ती अनेक वर्षांनी सापडली. तरीही इतकी वर्षे दुखत असताना चौकशी करायला हवी होती, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. डोळ्याच्या बाबतीत तर दृष्टी गेल्याचे लगेच कळते. वैद्यक परिषदेकडे किंवा पोलिसांकडे तक्रार प्रलंबित असली म्हणून ही मुदत थांबत नाही; या गैरसमजापायी चांगली प्रकरणेही बाद होतात. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज कारणांसह जोडा.

कोणत्या आयोगात जायचे, हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. ५० लाख रुपयांपर्यंत जिल्हा आयोग. म्हणजे शस्त्रक्रियेचा खर्च ४० हजार आणि मागणी ६० लाखांची असली, तरी तक्रार जिल्हा आयोगातच जाईल, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने शुल्कही लागणार नाही. शस्त्रक्रिया मुंबईत किंवा हैदराबादेत झाली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यातील आयोगात तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. म्हाताऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते, आणि प्राथमिक शंकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष, म्हणून रुग्णालय आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर या दोघांनाही जोडा. कोणत्या कर्मचाऱ्याची चूक होती हे रुग्णाला सांगता आले नाही, तरी रुग्णालय जबाबदारी झटकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सविता गर्ग प्रकरणात मान्य केले आहे. डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असल्याचे कळले तर विमा कंपनीलाही पक्षकार करा. वसुली सोपी होते.

तक्रारीत घटनाक्रम कालपत्रिकेप्रमाणे लिहा, नंतर प्रत्येक त्रुटी स्वतंत्र परिच्छेदात मांडा, आणि शेवटी मागणी करा. भरपाईची रक्कम तोडून दाखवावी: पहिल्या व नंतरच्या उपचारांचा खर्च, प्रवास, बुडालेली कमाई, पुढे लागणारा खर्च, शारीरिक-मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च आणि व्याज. गोल आकडा टाकला तर आयोगही गोल आकड्याने कापतो.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल येथे एक इशारा देणे गरजेचे आहे. केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असला, तर अपंगत्व ३०% धरले जाते. योजनांच्या लाभासाठी लागणाऱ्या ४०% च्या ते खाली राहते, म्हणून ‘तुम्हाला काही मिळणार नाही’ असे सांगून लोकांना परत पाठवले जाते. तरीही प्रमाणपत्र घ्याच. हानी कायमची आहे, याचा तो शासकीय पुरावा असतो, आणि ड्रायव्हर, शिंपी, सोनार अशा व्यवसायांत ३०% चा अर्थ प्रत्यक्षात काय होतो हे मग आयोगाला समजावून सांगता येते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळू शकतो.

९. सुनावणीच्या काळात

समोरच्या पक्षाला उत्तर देण्यासाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त आणखी १५ दिवस मिळतात. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिन्यांची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वर्षे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पुरावा शपथपत्रांवर चालतो, आणि डॉक्टरांची उलटतपासणी बहुधा लेखी प्रश्नावलीने होते. ती तयार करताना मूळ फाइल समोर ठेवून वाचा. वेगवेगळ्या तारखांच्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच ओघात लिहिलेल्या दिसणे, डिस्चार्ज कार्डावर नसलेली सूचना फाइलमध्ये आढळणे, किंवा रुग्णाला दिलेल्या प्रतीत आणि आयोगात दाखल केलेल्या प्रतीत फरक असणे, यांवर नेमके प्रश्न विचारा. सुरुवातीलाच शिक्का घेऊन मिळवलेली प्रत येथे उपयोगी पडते.

या काळात डॉक्टरांचे नाव घेऊन समाजमाध्यमांवर काही लिहू नका. बदनामीच्या दाव्याला तोंड देत तक्रार चालवणे कोणालाही जड जाते.

१०. निकालानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत लगेच घ्या. राज्य आयोगाकडे अपील करण्याची मुदत ४५ दिवसांची आहे. मंजूर रक्कम कमी वाटली तर तक्रारदारही अपील करू शकतो. रुग्णालयाने अपील केले तर त्याला मंजूर रकमेच्या ५०% आधी जमा करावे लागतात. केवळ अपील दाखल झाले म्हणून आदेश थांबत नाही, त्यासाठी स्थगिती लागते. ती मिळाली आहे का, आणि कोणत्या अटींवर, ते तपासा. स्थगिती नसेल आणि पैसेही येत नसतील, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ मध्ये आहे, आणि या कलमाखाली समन्स निघाल्यावर आदेशाकडे दुर्लक्ष करणे रुग्णालयालाही परवडत नाही. व्याज कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या दराने मंजूर झाले आहे ते आदेशातून उतरवून अर्जात त्याचा हिशेब स्वतः मांडा, कारण धनादेश मुद्दलाचाच देऊन व्याज सोडून दिल्याचे आमच्या बाबतीत घडले आणि ते वेगळ्या अर्जानंतर मिळाले.